माझ्या पंज्याचं माप

अश्विन लागला की आमच्या नवव्या मजल्यावर खाडी येते. पावसाळाभर पश्चिमेकडून येणारा वारा या दिवसांत सकाळच्या वेळी पूर्वेकडून वाहू लागतो. तिवरांच्या पट्ट्यावरून, द्रुतगती महामार्ग ओलांडून, ओहोटीच्या चिखलाचा वास घेऊन तो थेट मुलुंड पूर्वेच्या आमच्या खिडक्यांत शिरतो. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच चौकशा सुरू होतात. कुठलं गटार फुटलं, सेक्रेटरी झोपलेत का, तक्रार कोणाकडे करायची. खिडकीतून खाडी दिसते म्हणून घर घेताना हरखलेले हेच लोक. मी ग्रुपवर काही लिहीत नाही. खिडकी उघडी ठेवते आणि चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहते. त्या वासात माझा एक अख्खा अश्विन आहे, आणि मी केलेली एक चूक आहे.

तेव्हा मी संशोधन करत होते. विषय होता खाडीतल्या चिंबोऱ्यांची वीण. त्या कधी जुळतात, कशा जुळतात, मादी केवढी झाली की भरते, म्हणजे तिच्या कवचाखाली अंड्यांचा केशरी गर धरतो. माझे वडील बीडकडचे, घाटकोपरच्या एका वर्कशॉपात आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. मुलीने शिकावं आणि पंख्याखाली बसून काम करावं एवढी त्यांची इच्छा. मुलगी शिकली आणि गुडघाभर चिखलात उतरली. ते फक्त दारात काढलेल्या माझ्या बुटांकडे बघायचे. आई मात्र येईल त्याला सांगायची, आमची बाई खेकड्यांची लग्नं जुळवते, स्वतःचं तेवढं विचारू नका.

खाडीवर माझी खरी गुरू होती चांगुणा मावशी. कोळीवाड्यातली, साठीच्या पुढची, बुटकी आणि काटक. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा हरेश होडी सांभाळत. हरेश फग लावायचा. लोखंडी कड्याला जाळं बांधलेला सापळा तो, आत माशाची डोकी अडकवून पाण्यात सोडायचा. मावशी ओहोटीला तिवरांच्या मुळांतून चालत बिळांतल्या चिंबोऱ्या आकडीने ओढून काढायची. बिळाच्या तोंडाशी पडलेला चिखल बघून आत नर आहे की मादी हे ती सांगायची. मी खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी तिची परीक्षाच घेतली. ती सहसा चुकायची नाही. पहिल्याच दिवशी माझा एक गमबूट चिखलात रुतून राहिला आणि मी एका पायावर उभी, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून पोटभर हसली.

"बूट खाडीला दिलास काय गो? आता ती तुला वलखंल," ती म्हणाली.

त्या अश्विनातलं ऊन अजून माझ्या मानेवर आहे. चिखलावरून वाफा निघायच्या. निवट्या, चिखलात राहणाऱ्या बोटभर मासळ्या, पोटावर घसरत एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या, पाठीवरचे पंख उभारून. पलीकडे महामार्गावर ट्रकांची रांग आणि अलीकडे ही सगळी लगीनघाई. एकदा फगात एक जोडी सापडली. मोठ्या नराने मादीला पोटाखाली धरून ठेवलं होतं, आणि पाण्याबाहेर काढलं तरी तो सोडेना. मावशीने सांगितलं की हा तिला असाच कित्येक दिवस घेऊन फिरणार. मग ती कवच टाकेल, लोण्यासारखी मऊ होईल, तेव्हा त्यांचं जुळेल. नवं कवच कडक होईपर्यंत तो तिच्यावरून हलणार नाही. माझ्या पुस्तकात हेच होतं. आमच्या सरांनी तर मला बजावूनच पाठवलं होतं की याला प्रेमबीम म्हणायचं नाही. दुसऱ्या नराने येऊ नये म्हणून दिलेला तो पहारा आहे. मी ते मावशीला सांगितलं.

"मंग मानसात काय येगला असतंय?" ती म्हणाली आणि जोडी तशीच्या तशी पाण्यात ठेवून दिली.

हे आठवलं की मला हसू येतं, आणि त्या पाठोपाठ दुसरी आठवण येते तेव्हा ते हसू उरत नाही.

पौर्णिमेच्या उधाणाआधीचा दिवस होता. हरेशच्या फगात एक मादी आली. तेवढी मोठी मादी मी आधी पाहिली नव्हती आणि पुढेही पाहिली नाही. कवच काळपट हिरवं, कडेला शेवाळ, एक डेंगा, म्हणजे नांगी, कधीतरी तुटून पुन्हा उगवलेला, दुसऱ्यापेक्षा लहान. पोटावरची गोल पट्टी जराशी उचलली की आत केशरी दिसत होतं. हरेशचे डोळे चमकले. मावशीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. कनवटीची डबी सोडली, ओल्या कवचावर हळदीकुंकवाची बोटं टेकवली आणि होडी वल्हवत खाडीच्या तोंडाकडे, जिथे पाणी खोल होतं तिथवर नेऊन तिला सोडलं. हरेश तोंड फिरवून बसला होता.

"ही म्हाएरवाशीन हाय," मावशी मला म्हणाली. "भायेर दर्यान चाललीय, बालतपनाला. हिची वाट अडवायची नाय. माजी सासू सोडायची, तिची सासू सोडायची."

अश्विनात उधाणाला जी सगळ्यात मोठी आणि भरलेली मिळेल ती अशी सोडायची, हा त्यांचा घरचा रिवाज होता. आसपासच्या चार-दोन घरांतही होता. मी घरी येऊन तो वहीत लिहून घेतला. वहीचं ते पान अजून माझ्याकडे आहे. वर मथळा आहे 'लोकसमजुती'. त्याखाली ग्रहणात पाण्यात उतरू नये वगैरे तीन गोष्टी, आणि चौथी ही. खरं तर माझ्याच पुस्तकात लिहिलेलं होतं की भरलेली मादी खाडीत अंडी सोडत नाही, त्यासाठी ती समुद्रात जाते, आणि पिल्लं पुढे भरतीबरोबर आत येतात. म्हणजे मावशी म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण तिने ते कुंकू लावून सांगितलं, म्हणून मी ते चुकीच्या पानावर लिहिलं.

अभ्यासाच्या शेवटी गावाला काहीतरी परत द्यायचं असतं, असं सरांचं म्हणणं. म्हणून दिवाळीच्या थोडं आधी, एका रविवारी सकाळी देवळापुढच्या मांडवात मी सभा घेतली. तक्ते रंगवून नेले होते. चिंबोऱ्या कमी होतायत हे सगळ्यांना दिसत होतं आणि मी त्यावर उपाय सांगणार होते. उपाय साधा होता, कुठल्याही पुस्तकात सापडतो तो. लहान चिंबोरी सोडून द्या, तिला वाढू द्या, मोठी तेवढी धरा. कोणीतरी विचारलं, लहान म्हणजे केवढी? मी कवच मोजायचा व्हर्नियर दाखवला. सगळे हसले. होडीत हा चिमटा कोण घेऊन बसणार? तेव्हा मला स्वतःलाच फार हुशार वाटलेली कल्पना सुचली. मी उजवा हात वर केला. माझा हात मोठा आहे, वडिलांच्या वळणाचा. म्हटलं, मनगटापासून मधल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. कवच याच्याहून लहान असलं तर सोडायची, मोठं असलं तर धरायची.

"मॅडम आशीर्वाद देतायत रे!" मागून कोणीतरी ओरडलं. मग एकेक जण पुढे आला आणि माझ्या हाताला हात लावून आपलं माप बघून गेला. कोणाच्या बोटाच्या मुळाशी खूण आली, कोणाच्या शेंड्याशी. हरेश तर खूश झाला.

"एकदम झकास, मॅडम. सोप्पं करून टाकलंत," तो म्हणाला, आणि लगेच, सगळ्यांसमोर, "आता आईला पण जरा समजवा ना. सगळ्यात भारी माल दर अश्विनात पाण्यात सोडते यार ती. तुमच्या सायन्समध्ये बसतं का ते?"

मावशी बायकांत बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला खात्री असावी की मी तिच्या बाजूने बोलेन. महिनाभर मी तिच्याच पावलांवर पाऊल ठेवून चालत होते.

मी म्हटलं, "मावशी, त्याची गरज नाही. मोठी मादी म्हणजे म्हातारी, तिची वीण होऊन गेलेली असते. लहान वाचवल्या की पुरे. मोठी बिनधास्त धरा."

एवढंच. हे मी कुठे वाचलं होतं असं विचाराल तर कुठेच नाही. सभेत बोलताना ओघात येतं तसं ते आलं. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी धरते हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण समोर माणसं माना डोलवत होती, आणि माना डोलायला लागल्या की मास्तरकी चढते.

"तू म्हनतेस तं आसंल, पोरी," मावशी म्हणाली.

नियम लागला. माझे प्रकल्प कित्येक बंद पडले, माझे लेख कोणी वाचले नाहीत, पण ही एक गोष्ट मात्र खाडीवर रुजली. तिला नाव पडलं 'मॅडमचा पंजा'. पलीकडच्या काठावरही ते पोचलं. दोन भावांत वाद झाला की आण मॅडमचा पंजा, असं म्हणत. मला हे कळलं तेव्हा मी घरी पेढे नेले होते. वडिलांनी पेढा हातात धरून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेथवर पण मापच महत्त्वाचं. एकदा चुकलं की पुढचे सगळे नग तसेच."

पुढे मी कॉलेजात शिकवू लागले. उत्क्रांतीचा धडा दरवर्षी शिकवते. निवड कशी होते, जे वाचतं ते पुढे कसं जातं. पोरांना समजावं म्हणून मी माझ्या मनाने उदाहरणं रचते. आणि तरीही स्वतः लावलेल्या नियमाचा अर्थ मला वर्गात कळला नाही. तो कळला मुलुंडच्या मासळीबाजारात.

पाच-सहा अश्विन मधे गेले होते. मावशी पाटी घेऊन बसली होती, आणखी बुटकी दिसत होती. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे चिखल सुटला होता. पाटीत दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या, सगळ्या लहानखुऱ्या, पंज्याच्या मापाला जेमतेम उतरणाऱ्या. मी विचारपूस केली. तिने एक उचलली, उलटी केली, पोटावरची पट्टी नखाने किंचित वर केली. आत केशरी होतं.

"ह्या बग. न्हान पोरी, आनि पोटुशी," ती हळू आवाजात म्हणाली. शेजारणीला ऐकू जाऊ नये असं काही ती सांगत होती. "आदी अशा नव्हत्या गो. खेलायच्या वयात आया व्हतान. काय झाला असंल यांना?"

मी तिथे, त्या बर्फाच्या पाण्यात, पिशवी धरून उभी होते आणि हिशोब जुळत गेला. पंज्याहून मोठी झाली की मादी पाटीत. म्हणजे जी सावकाश वाढणार, मोठी होऊन मग भरणार, तिला भरायची सवडच नाही. आणि जी लहानपणीच, पंज्याच्या आत असतानाच भरते, तिला आम्ही मानाने पाण्यात सोडतो. तिच्या लेकी तिच्यासारख्या, त्यांच्या लेकी त्यांच्यासारख्या. वर्षानुवर्षं एकच चाळण लावायची आणि खाली काय पडतं ते बघायचं. आणि पिल्लंही कमी, कारण लहान पोटात अंडी किती मावणार. मोठे नर गेले, त्यामुळे चुकून एखादी मोठी झालीच तर तिला पोटाखाली घेऊन फिरणारा कोणी नाही. चाळणीला एक भोक होतं, मावशीच्या घराण्याने ठेवलेलं. अश्विनातली ती एक माहेरवाशीण. मोठेपणाचं बी तेवढ्या वाटेने पुढे जात होतं, आणि ते भोक मी भर सभेत बुजवलं होतं.

विद्यापीठात विचारलंत तर मी असं ठामपणे बोलणार नाही. म्हणेन, खाडीत नाल्यांचं काळं पाणी येतं, तिवरं तुटली, भराव पडले, पाणी तापलं, यातल्या कशानेही चिंबोरी खुजी होऊ शकते. एवढ्या थोड्या पिढ्यांत खरंच बी बदललं, की मोठ्या सगळ्या धरल्या म्हणून नुसत्या लहान दिसतायत, हे सांगायला लागणारी मोजमापं माझ्याकडे नाहीत. हे सगळं खरं आहे. आणि हे खरं आहे याचा मला जो सुटकेचा आनंद होतो ना, त्याची मला किळस येते.

मावशीने विचारलं होतं, काय झालं असेल यांना. मी काय उत्तर दिलं? म्हटलं, प्रदूषण, मावशी. तिने मान हलवली. चार चिंबोऱ्या कागदात बांधून दिल्या आणि मी नको नको म्हणताना पिशवीत घातल्या. तेव्हा सांगता आलं असतं. तुमचं बरोबर होतं, मी चुकले, पुन्हा सोडा. सहा-सात शब्द होते. मी मनाशी ठरवलं की आधी खात्री करू, मोजमापं घेऊ, मग सांगू. मावशी त्यानंतर दोन वर्षांनी गेली, तीही अश्विनातच. मला आठवडा उलटल्यावर कळलं.

यंदा वारा फिरला आणि मला घरात राहवेना. सकाळची ओहोटी बघून धक्क्यावर गेले. हरेश आता डंपर चालवतो. होडी त्याची बायको वैशाली सांभाळते. ती लग्न होऊन आली तेव्हा मावशीचे गुडघे गेले होते, त्यामुळे बिळातली चिंबोरी काढायला तिला कोणी शिकवलंच नाही. ती फगच लावते. नाव सांगताच तिने मला ओळखलं. सासूच्या तोंडून माझ्याबद्दल खूप ऐकलंय म्हणाली. मी घाबरतच विचारलं, काय ऐकलंयस?

"तुमचं ऐकून त्यांनी सोडायचं बंद केलं ना," वैशाली म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही टोचणी नव्हती. "शेवटी शेवटी आजारी असताना तेच बोलायच्या. अश्विन आला का, उधाण कधी आहे. मग म्हणायच्या, नको, मॅडमने सांगितलंय. डबी पण मलाच दिली त्यांनी. मी त्यात गळ ठेवते."

धक्क्याच्या पायरीला होडी लागलेली होती. डबी वल्ह्याशेजारी होती, झाकणाच्या कडेला लाल रंग अजून धरलेला. मी तिच्याकडे जास्त वेळ बघू शकले नाही. खाडीच्या तोंडाकडे पाहिलं तर या काठापासून त्या काठापर्यंत फगांना बांधलेल्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. समुद्राकडे जायची वाट तीच.

वैशालीने पाटीत हात घालून एक मादी काढली. "तुमच्यासाठी बघा. भरलेली आहे. धरा, धरा, डेंगे बांधलेत."

मी हात पुढे केला. तिने ती माझ्या पंज्यावर ठेवली. वजन जाणवलं नाही. कवच मनगटापासून सुरू झालं आणि बोटांच्या मुळाशी पोचायच्या आधीच संपलं. पट्टीच्या फटीतून केशरी दिसत होतं. ती मागचे पाय हलवत माझ्या तळहातावर सरकायला बघत होती.

"बसली ना बरोबर?" वैशाली हसून म्हणाली. "मॅडमचा पंजा म्हणजे सोडायची, माहितीये मला. पण आता कोणी सोडत नाही हो. सोडायच्या तर रिकामी होडी घेऊन घरी जायचं. याच्यापेक्षा मोठी मिळतच नाही."

मी म्हटलं, "वैशाली, ही सोड."

"बरं, ही सोडते. तुमच्या मापाची आहे."

"आणि याहून मोठी आली, भरलेली, तर तीही सोड. तीच सोड, आधी. सासूबाई सोडायच्या तशी. तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. त्यांचंच बरोबर होतं."

हे सगळं मी एका दमात बोलले. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं ते, अखेर बोलले, पण ज्या बाईला सांगायचं होतं ती नव्हती.

वैशालीचं हसू थांबलं. तिने पाटीकडे पाहिलं, मग खाडीच्या तोंडाकडच्या त्या बाटल्यांकडे, मग माझ्याकडे.

"लहान पण सोडायची, मोठी पण सोडायची. मग आम्ही धरायचं काय, मॅडम?"

वर्गात एखाद्या पोराने विचारलं असतं तर मी फळ्याकडे वळले असते. इथे फळा नव्हता. ती वाट बघत राहिली, चांगली मिनिटभर, खरोखर ऐकायला तयार असलेल्या माणसासारखी. पाणी ओसरत होतं आणि होडीचा तळ चिखलाला लागायला आला होता.

"तुम्ही म्हणता तर असेल, मॅडम," ती शेवटी आदराने म्हणाली. मग माझ्या पंज्यावरची चिंबोरी तिने अलगद उचलली, पाटीत ठेवली आणि वरून ओलं गोणपाट ओढून घेतलं.